हलू नका, फोटो निघतोय!

मुलांनो, शाळेत वर्गाचा फोटो काढतात तो दिवस आठवतोय? फोटोग्राफरकाका "हलू नका हं!" म्हणून ओरडतात आणि नेमकी त्याच वेळी कुणाला तरी शिंक येते. फोटो हातात पडतो तेव्हा शिंकणाऱ्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट ठिपका! आता कल्पना करा, हाच फोटो काढायला दहा मिनिटं लागली तर? नाक खाजवायचं नाही, कूस बदलायची नाही!

एमआरआय यंत्रात झोपणाऱ्या पेशंटला नेमकं हेच करावं लागतं.

पाण्याचा फोटो

आपल्या स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. या अणूंची केंद्रकं म्हणजे जणू इवलेइवले लोहचुंबक. एमआरआय यंत्राचा प्रचंड चुंबक त्यांना शिस्तीत आणतो. रुग्णालयात नेहमी आढळणारा दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट जोरदार असतो! मग यंत्र रेडिओलहरी सोडून केंद्रकांना डिवचतं. उत्तरादाखल तीही अगदी क्षीण रेडिओसंदेश पाठवतात. ते संदेश पकडून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण मुळीच नसतात.

३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डॉ. रेमंड डमाडियन यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या छातीचं असं चित्र मिळवलं. त्याला लागले जवळजवळ पाच तास!

इतका वेळ का?

कारण हा फोटो एका 'क्लिक'मध्ये निघत नाही. संदेश ओळीओळीने गोळा करावे लागतात. समजा, चित्रासाठी २५६ ओळी हव्यात आणि प्रत्येक ओळीनंतर केंद्रकं पूर्ववत होईपर्यंत दोन सेकंद थांबायचं आहे. करा गुणाकार! ५१२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटांहून जास्त.

१९८६ मध्ये जर्मनीतल्या युर्गेन हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती सुचवली. केंद्रकांना एकदाच डिवचायचं आणि त्यांच्या प्रतिध्वनींतून एकामागून एक अनेक ओळी मिळवायच्या. एका वेळी १६ ओळी मिळाल्या, तर साडेआठ मिनिटांचं काम ३२ सेकंदांत आटोपतं!

पण इथेच स्नायू दगा देतात. त्यांचा संदेश फार लवकर विरतो. सुमारे ४० मिलिसेकंदांत तो एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. दरीत मारलेली हाक विरत जावी, तसा. शेवटच्या ओळींच्या वेळी कानावर जवळजवळ काहीच येत नाही आणि स्नायूंच्या कडा पुसट होतात. सांध्यातल्या पाण्याचा संदेश बराच वेळ टिकतो, म्हणून त्याला हा त्रास कमी.

दुसरी युक्ती १९९९ मध्ये झुरिचमधल्या क्लास प्रुसमान यांच्या गटाने मांडली. शरीराभोवती अनेक छोटे अँटेना ठेवायचे आणि काही ओळी चक्क गाळायच्या. प्रत्येक अँटेनाला आपल्या जवळचा भाग जास्त स्पष्ट 'ऐकू' येतो. त्यांच्या माहितीची सांगड घालून संगणक गाळलेल्या जागा भरतो. पण फुकट काहीच मिळत नाही! ओळी निम्म्या केल्या, तर चित्रातली खरखर निदान १.४ पट वाढते. पाव केल्या तर निदान दुप्पट.

घाई आणि खरेपणा

"दिसला फोटो जरा खरखरीत, तर बिघडलं काय?" असं विचाराल. तर ऐका.

ड्युशेन नावाचा स्नायूंचा एक आजार आहे. तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. यात स्नायूंच्या जागी हळूहळू चरबी साठत जाते आणि मुलाला चालणं, जिना चढणं कठीण होतं. पाणी आणि चरबी यांच्या संदेशांत किंचित फरक असतो. त्यावरून मांडीच्या स्नायूत किती टक्के चरबी आहे, हे एमआरआयने मोजता येतं. समजा, वर्षभरात चरबी २० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेली. पण घाईच्या मापात चूकच पाच टक्क्यांची असेल, तर औषध लागू पडतंय की नाही, हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं?

मग सावकाश फोटो काढावा? तेही अवघड. लहान मूल अर्धा तास निश्चल कसं राहणार? काही वेळा भूल द्यावी लागते आणि या आजारात भूल देणं जास्त जोखमीचं असतं. म्हणून वाचलेलं एकेक मिनिट मोलाचं!

यातून वाट निघते ती एका साध्या प्रश्नाने. हा फोटो कशासाठी हवाय? सगळ्या स्नायूतली सरासरी चरबी मोजायची असेल, तर बारीक तपशील थोडा कमी असला तरी चालतो, कारण हजारो ठिपक्यांची सरासरी काढता येते. पण कबड्डीपटूच्या मांडीतला छोटासा फाटलेला तंतू शोधायचा असेल, तर बारकावा हवाच. चांगला फोटो म्हणजे देखणा फोटो नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो तो चांगला फोटो.

आता कृत्रिम बुद्धिमत्ताही मदतीला आली आहे. २०२० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या संशोधकांनी गुडघ्याच्या सुमारे पाव माहितीवरून बनवलेली चित्रं तज्ज्ञांना दाखवली. निदान नेहमीच्या चित्रांइतकंच बरोबर आलं. तरीही संगणकाने भरलेली जागा खरी की नुसती खरी वाटणारी, हे प्रत्येक अवयवासाठी तपासून पाहावंच लागतं.

आणि तुमच्यावर कधी एमआरआयची पाळी आलीच, तर अंगावरच्या धातूच्या वस्तू काढून ठेवा. यंत्र धडधड आवाज करतं, घाबरू नका. अगदी स्वस्थ पडून राहा. हललेला फोटो पुन्हा काढावा लागतो. म्हणजे वेळ वाचवायची सगळ्यात स्वस्त युक्ती तुमच्याच हातात आहे!

करून बघा

एक नाणं दहा वेळा उडवा. छापा सात वेळाही पडेल! आता शंभर वेळा उडवा. छापांची संख्या बहुधा पन्नाशीच्या आसपास येईल. जास्त वेळ मोजलं की खरखर का कमी होते, ते तुम्हालाच उमगेल.