अर्ध्या वाटेवर थांबलेली फाईल

गणेश चतुर्थीला तीन आठवडे उरले होते आणि घरातील मुलांनी आजोबांची झाकडीची गाणी शिकावयाचे मनावर घेतले होते. आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज दहा कॅसेटींत उरला आहे, आणि त्या कॅसेटी फ्रान्समध्ये आमच्या चुलत बहिणीकडे. तिने त्या कॉम्प्युटरवर उतरवून सगळ्यांची एकच फाईल बांधली. ती सहा गिगाबाइटहून मोठी भरली. उतरवून घेण्यासाठी तिने दुवा पाठविला, त्याची मुदत सात दिवस.

आमचा कॉम्प्युटर जुना, लिनक्सवर चालणारा. डिस्क भरत आलेली, म्हणून फाईल थेट पेन ड्राइव्हवर उतरवावयाचे ठरले. पहिल्या रात्री ती एका गिगाबाइटवर थांबली, दुसऱ्या रात्री अडीचवर. दर वेळी आम्ही थांबलेली फाईल पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. वाचकहो, चूक झाली ती इथेच. दोन दिवस फुकट गेले.

फाईल कोठे थांबते, हे आधी पाहावे. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल तर दोष बहुधा वाटेत असतो. घरचे वायफाय, राउटर, पलीकडचा सर्व्हर, कोठेही. आपल्या बेटाची वाट मुळात लांब. २००२ पासून चालू असलेली ‘सेफ’ ही समुद्राखालची तार एका अंगाला रियुनियनवरून दक्षिण आफ्रिकेला आणि दुसऱ्या अंगाला कोचीवरून मलेशियाला जाते. पुढे आणखी तारा आल्या, तरी अंतर काही कमी झाले नाही. मध्येच राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला की जुने कनेक्शन मरते, पण कॉम्प्युटरला ते कळतेच असे नाही. तो बिचारा पलीकडच्या उत्तराची वाट पाहत बसतो.

अशा वेळी ब्राउझर सोडून ‘डब्ल्यूगेट’ या प्रोग्रॅमकडे वळावे. टर्मिनलमध्ये त्याचे नाव लिहावे, जागा सोडून आडवी रेघ व तिला चिकटून लहान ‘सी’, मग फाईलचा थेट पत्ता. पत्ता अवतरणचिन्हांत घालण्यास विसरू नये, कारण त्यात ‘अँड’चे चिन्ह असले तर टर्मिनल तेथेच पत्ता तोडते. ‘सी’चा अर्थ असा की जेवढे आले आहे त्याच्या पुढून आणावे. पलीकडून २०६ हा आकडा आला की समजावे, जुळले. सर्व्हरला मधूनच देणे जमत नसेल तर डब्ल्यूगेट तसे सांगून थांबतो, हाती असलेली अर्धी फाईल पुसत नाही. एक खोड मात्र आहे: गप्प बसलेल्या कनेक्शनची तो ९०० सेकंद, म्हणजे पाव तास, वाट पाहतो. ‘टाइमआउट’ ३० सेकंदांवर आणावा.

तिसऱ्या रात्री फाईल झरझर आली. आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तो चार गिगाबाइटवर थांबलेली! पुन्हा सुरू केली, पुन्हा तेथेच. बाइट मोजले: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. एकही कमी-जास्त नाही.

अगदी एकाच ठिकाणी अडत असेल तर तारेला दोष देऊ नये, आपल्याच घरात पाहावे. ‘डी-एफ’, जागा, आडवी रेघ, लहान ‘एच’ व मोठा ‘टी’ एवढे लिहिले की कोठे किती जागा आहे आणि ती कोणत्या पद्धतीची आहे हे दिसते. पेन ड्राइव्हवर जागा भरपूर होती, पण पद्धतीच्या रकान्यात ‘व्हीफॅट’. फॅट-३२ पद्धतीत एक फाईल बरोबर वरच्या आकड्याएवढीच मोठी होऊ शकते. ड्राइव्ह रिकामा असला तरी पुढे लिहिता येत नाही. एक्सफॅट पद्धतीने तो नव्याने बांधला तर ही अडचण नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिची सोय २०१९ पासून आहे. पण बांधताना आतले सर्व पुसले जाते, आणि आमचे चार गिगाबाइट तर तेथेच होते.

मग डिस्कवरच जागा शोधली. कचऱ्याच्या टोपलीत ११ गिगाबाइट पडून होते. काढलेल्या फाईली टोपली रिकामी होईपर्यंत जागा अडवूनच असतात, हे घरात कोणाच्या ध्यानी नव्हते. टोपली रिकामी केली, अर्धी फाईल त्याच नावाने डिस्कवर नेली आणि त्या फोल्डरमधून ‘सी’ लावून पुन्हा हाक दिली. उरलेले दोन गिगाबाइट पाचव्या दिवशी दुपारी आले.

जोडलेली फाईल धड आहे की नाही, ते ‘शा-२५६-सम’ने पाहावे. त्यातून ६४ अक्षरे निघतात. बहिणीने तिकडे तीच आज्ञा दिली आणि फोनवर एकेक अक्षर वाचले. इकडे धाकट्या पुतण्याने बोट ठेवून पडताळले. सर्व जुळली.

संध्याकाळी सातवी कॅसेट प्रथम लावली. गाणे सुरू होण्याआधी आजोबा खोकतात आणि ढोलकीवाल्याला “अरे, हळू” म्हणतात. मुलांनी तेवढेच तीनदा ऐकले.