खरें सामर्थ्य कोणतें?

कार्ल्याचीं लेणीं आम्हां मावळवासीयांच्या नित्य परिचयाचीं आहेत. एकवीरेच्या दर्शनास जाणारा प्रत्येक भाविक तेथील चैत्यगृह पाहतो. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें कोरलेलीं असून त्यांत धेनुकाकट येथील यवनांचींही आहेत. यवन ह्या शब्दानें प्राचीन काळीं प्रथम ग्रीक लोकांचा बोध होत असे. म्हणून ग्रीकांची एक कथा येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

होमरच्या इलियड महाकाव्यांत अकिलीझ हा सर्वश्रेष्ठ वीर आहे. त्याच्या जिवलग मित्रास ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर यानें मारिलें, म्हणून त्यानें हेक्टरचा वध केला; आणि तेवढ्यानेंही राग न शमल्यामुळें त्याचें प्रेत रथास बांधून फरफटत नेलें. पुढें एका रात्रीं हेक्टरचा वृद्ध पिता प्रायम शत्रूच्या गोटांत आला व ज्या हातांनीं आपला पुत्र मारिला त्याच हातांचें त्यानें चुंबन घेतलें. तेव्हां अकिलीझला दूर देशीं असलेल्या आपल्या पित्याचें स्मरण झालें. दोघेही रडले. अकिलीझनें प्रेत परत दिलें आणि अंत्यविधि होईपर्यंत युद्ध थांबविलें.

आमच्या मावळांतही असाच एक दाखला आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें कार्ल्याच्या भिक्षूंच्या वर्षावासासाठीं करजिक गांव दान दिला होता. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाची सत्ता मोडिली व त्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारिला. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें अशीं हजारों नाणीं सांपडलीं. परंतु कार्ल्याच्याच दुसऱ्या एका लेखांत, भिक्षूंना तोच गांव द्यावा, अशी सातवाहन राजाची मामाल, म्हणजे मावळ, येथील अमात्यास आज्ञा आहे. ती गौतमीपुत्राचीच असावी असें विद्वान मानितात. शत्रूचें नाणें त्यानें बदलिलें. शत्रूनें लाविलेलें अन्न मात्र तोडिलें नाहीं. अपराधी शत्रूचाही प्राण घेणें त्याला रुचत नसे, असें त्याची माता गौतमी बलश्री हिनें नाशिकच्या लेखांत नमूद केलें आहे.

दया हें दुबळ्यांचें लक्षण, असें कित्येकांस वाटतें. पण अकिलीझ व सातकर्णी हे दोघेही दुबळे नव्हते. प्रेत फरफटत नेतांना अकिलीझच्या बाहूंत बळ होतेंच; मात्र त्या वेळीं तो स्वतःच्या क्रोधाचा दास होता. प्रायमला हात धरून उठवितांना तो क्रोधाचा स्वामी झाला. विद्यार्थिमित्रहो, खेळांत, परीक्षेंत वा भांडणांत आपला जय होईल, तेव्हां हरलेल्याशीं आपण कसे वागतों, यावरून आपलें सामर्थ्य ओळखावें.