धागा भट्टीतच घडतो

कार्बन नॅनोट्यूबच्या धाग्याचा विषय निघाला की लोक आधी ताकदीचं विचारतात: पोलादाहून किती मजबूत? माझं काम भट्टीपाशी चालतं, त्यामुळे मला त्याआधी विचारावंसं वाटतं: भट्टी किती तापली होती, आणि कुठे?

2004 मध्ये केंब्रिज विद्यापीठात ॲलन विंडल आणि सहकाऱ्यांनी हा धागा थेट भट्टीतून ओढून दाखवला. इथेनॉलमध्ये थोडं फेरोसीन आणि थायोफिन मिसळायचं आणि हायड्रोजनच्या प्रवाहाबरोबर हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या नळकांड्यात सोडायचं. फेरोसीन फुटून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, थायोफिनमधलं गंधक त्यांना फार मोठं होऊ देत नाही आणि त्या कणांवर कार्बनच्या पोकळ नळ्या वाढतात. एकमेकींत गुंतलेल्या या नळ्या काळ्या, झिरझिरीत मोज्यासारख्या तरंगत पुढे येतात. सळईने टोक धरून ओढलं, की धागा सुरू. हाताला वजन म्हणून जाणवत नाही.

उष्णता कमी पडली तर कार्बनच्या षटकोनी जाळीत दोष राहतात. रामन वर्णपटात ते लगेच दिसतं: 1580 cm⁻¹ च्या आसपासचं शिखर सुघड जाळीचं, 1350 जवळचं दोषांचं. दुसरं चढलं, की धाग्याची ताकद आणि विद्युतवाहकता दोन्ही घसरतात.

मग भट्टी आणखी तापवावी? तसंही चालत नाही. अति उष्णतेत लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काहींची वाफ होते. कार्बन कणापर्यंत पोहोचण्याआधीच सुटा होऊन काजळी बनतो. धाग्यात ताण आणि वीज एका नळीकडून दुसरीकडे जातात. मधे काजळी बसली, की ती वाटच अडते.

शिवाय भट्टीभर तापमान सारखं नसतं. तोंडाशी बनलेले कण मधल्या धगीत विरतात आणि पुढे गार भागात पुन्हा बनतात. म्हणून ‘1200 अंश’ एवढंच लिहिलेल्या दोन भट्ट्या दोन वेगळे धागे देऊ शकतात.

विमानांतल्या हलक्या तारांसाठी या धाग्याकडे आशेने पाहिलं जातं. ती आशा खरी व्हायची, तर ताकदीच्या प्रत्येक आकड्याशेजारी भट्टीचा तोंडापासून टोकापर्यंतचा तापमान-आलेख आणि वायूचा वेग छापलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्याशिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला तोच धागा पुन्हा काढता येणार नाही, आणि पुन्हा काढता न येणाऱ्या धाग्याची तार कोणी विमानात बसवणार नाही.