थडग्यावरची अक्षरे वाचताना

अमेरिकेच्या ईशान्येकडील सहा राज्यांच्या प्रदेशाला न्यू इंग्लंड म्हणतात. तेथील जंगलातून चालताना मध्येच एखादे रचीव दगडी कुंपण लागते आणि आत दहा-पंधरा थडगी दिसतात. ही चर्चची दफनभूमी नव्हे. चर्चपासून लांब राहणारी शेतकरी कुटुंबे आपल्या माणसांना स्वतःच्या शेताच्या कडेलाच पुरत. पुढे एकोणिसाव्या शतकात अनेक कुटुंबे शेती सोडून पश्चिमेकडे किंवा गिरण्यांच्या गावांकडे गेली. शेतात पुन्हा रान वाढले आणि थडगी तेवढी मागे राहिली.

या थडग्यांवरचे लेख उतरवून घेण्याचे काम तेथे बहुधा हौशी माणसेच करतात. दिसते ते लिहून घ्यायचे, त्यात विज्ञान कसले, असे वाटेल. पण हा निरीक्षणाचाच प्रकार आहे, आणि ते निरीक्षण पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही. अमेरिकेच्या १८५० पूर्वीच्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. घरातली बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. तान्हेपणी गेलेल्या मुलाचे किंवा बाळंतपणात गेलेल्या बाईचे नाव त्यामुळे कित्येकदा या दगडाशिवाय कोठेच सापडत नाही.

अक्षरे किती काळ टिकणार हे दगडाच्या जातीवर ठरते. येथली जुनी थडगी बहुतेक पाटीच्या दगडाची आहेत. त्यातली खनिजे पावसाच्या पाण्यात सहसा विरघळत नाहीत, त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीचा लेखही काल कोरल्यासारखा दिसू शकतो. या दगडाचा शत्रू म्हणजे थंडी. थरांच्या फटीत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि अक्षरांसकट पापुद्रा सुटून येतो. १८०० नंतर पांढऱ्या संगमरवराची आवड वाढली. तो दिसायला सुरेख, पण असतो कॅल्शियम कार्बोनेटचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. त्यात कोळशाच्या धुरातला गंधक मिसळला की संगमरवराचे कण साखरेसारखे सुटू लागतात. याची पहिली पद्धतशीर पाहणी स्कॉटलंडमध्ये झाली. भूवैज्ञानिक आर्चिबाल्ड गायकी यांनी १८८० मध्ये एडिनबरोच्या दफनभूमींतील दगडांची झीज तपासली. त्यांना आढळलेल्या झिजलेल्या लेखांत १७९९ मध्ये वारलेल्या जोसेफ ब्लॅक यांचाही होता. कार्बन डायऑक्साइडचा शोध लावणारे ते हेच ब्लॅक!

अक्षरे पुसट झाली की माणसाचा हात शिवशिवतो. कोणी तारेचा ब्रश मारतो, कोणी खडू चोळतो, तर कोणी दाढीचा फेस फासतो. ब्रशाने दगडफुलाबरोबर दगडाचे कणही निघतात, फेसातली आम्ले आणि साबण छिद्रांत राहतात. वाचन एकदा होते, नुकसान मात्र पुढे चालूच राहते. आपल्याकडे वीरगळाचा फोटो नीट यावा म्हणून त्यावर खडू फिरवणारेही भेटतात. त्यांनाही हेच सांगावे लागेल.

वास्तविक त्यासाठी एक आरसा पुरतो. अक्षर अर्धा मिलिमीटर खोल आणि उभ्या काठाचे आहे असे धरा. प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करून आला, तर काठाची सावली जेमतेम ०.३ मिलिमीटर पडते. तोच प्रकाश १० अंशांवर आणला तर सावली २.८ मिलिमीटर होऊ शकते, म्हणजे जवळजवळ दहापट. काठ झिजून उतरता झाला असेल तर फरक आणखी मोठा: वरून येणाऱ्या उजेडात सावली पडतच नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर ऊन फारसे येत नाही. तेथे मोठा आरसा काही अंतरावर धरून उन्हाचा तिरपा झोत टाकायचा, आणि वेगवेगळ्या बाजूंनी टाकून प्रत्येक वेळी फोटो घ्यायचा. एका दिशेने न दिसलेली रेघ दुसरीकडून दिसते.

आता लिहिण्याचे. नियम एकच: दगडावर आहे ते लिहा, असायला हवे ते नव्हे. ओळ जेथे मोडली आहे तेथे तिरपी रेघ द्यावी. शंकेचे अक्षर चौकटी कंसात घालावे. चुकीचे स्पेलिंग तसेच ठेवावे. बाईच्या नावापुढे 'कन्सॉर्ट' असेल तर ती नवऱ्याआधी गेली आणि 'रेलिक्ट' असेल तर ती विधवा होती. दोन्हींसाठी सरसकट 'पत्नी' लिहिले की ही माहिती गेली.

सुधारणेचा मोह सर्वांत घातक ठरतो तो तारखांत. समजा, एका बाळाचा जन्म ३० मार्च १७३१ आणि मृत्यू १० फेब्रुवारी १७३१ असा कोरला आहे. जन्मण्याआधीच मृत्यू? कोरणाऱ्याची चूक समजून कोणी वर्ष बदलून टाकील. पण ब्रिटिश वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२ मधला. काही दगडांवर म्हणूनच '१७३१/२' असे जोडवर्ष असते. आपल्याकडे शके वर्षाचे इसवी सन काढताना कधी ७८ तर कधी ७९ मिळवावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. रूपांतर करावे, पण वेगळ्या रकान्यात.

पुष्कळ दगडांवर जन्मतारीख नसते. मृत्यूची तारीख आणि वय असते. मृत्यू ३ मार्च १८१२, वय ३४ वर्षे ५ महिने १२ दिवस, असे असेल तर जन्म २१ सप्टेंबर १७७७ चा. शेवटचा आकडा झिजून २ की ७ हे कळत नसेल, तर जन्मवर्ष १७७७ किंवा १७८२ येते, आणि गावाच्या जन्मनोंदीत यांपैकी कोणते सापडते ते पाहता येते. तेथे १७७७ सापडले तरी आपल्या वहीत तो २ कंसातच राहू द्यावा. बाहेरचा पुरावा शेजारी, निराळ्या शाईत.