मुंबईत मुक्काम कुठे करावा?
मुंबई पाहायला येणारे बहुतेक जण खोलीचे भाडे पाहून मुक्काम ठरवतात; माझ्या मते आधी लोकलचा नकाशा पाहावा. शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि सकाळची गर्दी उपनगरांतून दक्षिणेकडे लोटते. फोर्ट किंवा चर्चगेटजवळ राहिल्यास जागतिक वारसा यादीतली तीन ठिकाणे हाताशी येतात: २००४ साली यादीत आलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २०१८ साली आलेल्या ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको इमारती, आणि गेटवेवरून बोटीने घारापुरी. कान्हेरी लेण्यांसाठी बोरिवलीला जायचे, तर तो प्रवासही गर्दीच्या उलट दिशेने होतो.

दक्षिण मुंबई महाग आहे, हा आक्षेप खराच. पण दूरच्या स्वस्त खोलीपायी रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात, आणि लहान मुले किंवा वृद्ध सोबत असले तर ऐन गर्दीत डब्यात शिरणेही कठीण. खर्च झेपत नसेल तर दादर पाहावे; पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे एकत्र येतात. सोमवारी मात्र घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही बंद असतात, तो दिवस फोर्टमधल्या इमारतींसाठी ठेवावा.