वाणिज्य आणि संगणक : बी.सी.सी.ए.ची वाट

रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले. आपला समाज मात्र दीर्घकाळ कला शाखा आणि सरकारी नोकरी याच वाटेने चालला. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी बांधवांनी याच जरीपटक्यात बाजारपेठ उभी केली. आम्ही तेथे बहुधा गिऱ्हाईकच राहिलो.

बी.सी.सी.ए. म्हणजे केवळ संगणक, असा पालकांचा समज दिसतो. नागपूर विद्यापीठाची ही पदवी मुळात वाणिज्याची आहे. तीत लेखाकर्म व व्यवस्थापनासोबत प्रोग्रामिंग आणि डेटाबेस शिकवतात, बी.सी.ए.मध्ये प्रोग्रामिंगचा भार अधिक. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि दुकानाची वहीच संगणकावर गेली. विवरणपत्र भरायला जमा-नावे कळणारा आणि यंत्रही हाताळणारा माणूस लागतो.

प्रवेशापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे काय, आणि हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर नोंदलेला आहे काय? चकचकीत फलकामागच्या खासगी ‘डिप्लोमा’स बहुधा दोन्ही नसते, मग शिष्यवृत्तीही नाही. मिळालेल्या शिष्यवृत्तीचे नूतनीकरण मात्र दरवर्षी करावे लागते.