आभासी चलनांचा विकेंद्रित बाजार : सरासरी आकडा का पुरेसा नाही?

आभासी चलनांच्या व्यवहारात किंमत आणि उलाढाल या दोन आकड्यांकडे गुंतवणूकदारांचे प्रथम लक्ष जाते. मात्र विकेंद्रित बाजारात या आकड्यांचा अर्थ शेअर बाजारातल्याइतका सरळ नसतो.

शेअर बाजारात खरेदीदार आणि विक्रेते यांच्या बोलींची जुळवणी होऊन भाव ठरतो. इथेरियमच्या जाळ्यावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या युनिस्वॅपच्या मूळ रचनेत अशी जुळवणी नाही. तेथे दोन चलनांचा एकत्रित साठा असतो आणि दोन्हींच्या संख्यांचा गुणाकार कायम राखणारे सूत्र भाव ठरवते.

समजा, एका साठ्यात १०० इथर आणि २ लाख डॉलर मूल्याचे स्थिरचलन आहे. एका इथरचा भाव २,००० डॉलर होतो. शुल्क वगळता, एकाच वेळी १० इथर घेणाऱ्यास सुमारे २२,२२२ डॉलर, म्हणजे प्रत्येकी २,२२२ डॉलर मोजावे लागतील आणि त्यानंतरचा भाव सुमारे २,४६९ डॉलरवर जाईल. साठा शंभरपट मोठा असल्यास हीच खरेदी प्रत्येकी सुमारे २,००२ डॉलरना होईल. साठा जितका उथळ, तितका भावाचा धक्का मोठा.

अशा चढउतारांना संख्याशास्त्रातील घंटाकृती वक्र लागू पडत नाही. या वक्रानुसार अत्यंत दुर्मिळ ठरावेत असे मोठे बदल प्रत्यक्षात वारंवार घडतात. गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांबाबत हेच दाखवून दिले होते. आभासी चलनांत हे वैशिष्ट्य अधिक ठळक आहे. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइनचे मूल्य एका दिवसात एक-तृतीयांशाहून अधिक घसरले. मे २०२२ मध्ये लुना हे चलन काही दिवसांतच जवळपास मूल्यहीन झाले. शिवाय चढउतार समान अंतराने विखुरलेले नसतात. अशांत दिवसांमागून अशांत दिवस येतात आणि शांत दिवसांमागून शांत दिवस.

उलाढालीचा आकडाही जपूनच वाचावा लागतो. एकच व्यक्ती अनेक खाती उघडून स्वतःशीच व्यवहार करू शकते. दोन बाजारांतील भावफरकाचा लाभ घेणारे स्वयंचलित संगणकीय कार्यक्रमही मोठी उलाढाल घडवतात. त्यामुळे वाढलेली उलाढाल म्हणजे वाढलेली मागणी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

भारतीय गुंतवणूकदारांसाठी हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर लागू केला, तर तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मुभा दिली नाही. त्यामुळे एका मोठ्या घसरणीचा संपूर्ण भार गुंतवणूकदारावरच पडतो. म्हणूनच सरासरी परताव्याबरोबरच साठ्याची खोली आणि पूर्वीची सर्वांत मोठी घसरण तपासणे आवश्यक ठरते.